म्हाताऱ्या माणसाचं पित्ताशयाचं ऑपरेशन: आधी गोळ्यांची पिशवी काढा

"सिस्टर, आईचं वय अठ्ठ्याहत्तर. दुर्बिणीतून करायचं म्हणतायत. झेपेल काय?" मी रिटायर झाले तरी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या दारात हा प्रश्न येतोच. मी उलट विचारते: आई जिना चढते काय? आंघोळ स्वतःची स्वतः करते काय? वर्षभरात कुठं पडली होती काय? भूल देणाऱ्या डॉक्टरला वयाच्या आकड्यापेक्षा या उत्तरांतून जास्त कळतं. खानापूरकडची ऐंशीची बाई, अजून शेतावर जाणारी, ऑपरेशन झाल्यावर संध्याकाळी उठून बसते. पासष्टीचा दमेकरी, साखर वाट्टेल तशी वाढलेला, तो मात्र सगळ्यांना घाम फोडतो.

ऑपरेशन खरंच लागणार आहे काय, ते पहिल्यांदा बघा. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली, त्यात पित्ताशयात खडे दिसले आणि त्रास काहीच नाही, तर काही अपवाद सोडून खड्यांना हात लावत नाहीत. पण जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीत खांद्यापर्यंत जाते, उलटी होते, असं वरचेवर होत असेल तर गॅस म्हणून सोडा पाजत वर्ष काढू नका. म्हाताऱ्या माणसाचं आजारपण लबाड असतं. पित्ताशयात पू झाला तरी ताप येईलच असं नाही. नुसतं जेवण नको म्हणतात, पडून राहतात, असंबद्ध बोलतात. मग मध्यरात्री गाडी करून बेळगाव नाहीतर मिरज गाठायची, आणि जे ऑपरेशन सावकाश तयारीनं झालं असतं ते घाईत करायचं. खरा धोका तिथं आहे.

दुर्बिणीचं ऑपरेशन आता नवलाचं राहिलं नाही. डॉ. तेहेमटन उडवाडियांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात ते भारतात पहिल्यांदा १९९० साली केलं, त्याला तीन दशकं उलटून गेली. पोटाला साधारण चार छोटी छिद्रं पाडतात, कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात आणि पित्ताशय सोडवून बाहेर काढतात. मोठी चीर नाही, म्हणून दुखणं कमी. दुखणं कमी, म्हणून माणूस मोकळा श्वास घेतो आणि लवकर चालतो. वयस्करांना न्यूमोनिया होऊ नये, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत, याला ह्याच दोन गोष्टी कामाला येतात. त्या हवेच्या दाबाचा भार मात्र हृदयावर आणि फुफ्फुसावर पडतो. म्हणून ईसीजी, गरज असेल तर इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, छातीचा एक्सरे, साखर, किडनीचं रक्त, हे सांगितलं की "पैसे काढायची कामं" म्हणू नका. डोळे पिवळे असतील तर पित्तनळीत खडा अडकलाय काय, ते आधी बघावं लागतं.

आता गोळ्यांची पिशवी. "बीपीची पांढरी गोळी आणि साखरेची लहान" असं सांगून कुणाला काही कळत नाही. घरात आहेत तेवढ्या सगळ्या स्ट्रिप्स, इन्सुलिन, इनहेलर, नातेवाइकांनी दिलेला काढा, सगळं एका पिशवीत भरा आणि भूलतज्ज्ञाच्या टेबलावर ओता. रक्त पातळ करणारी गोळी आहे काय, हे तर न विचारताच सांगा. त्यातली क्लोपिडोग्रेल बहुतेक वेळा पाच दिवस आधी थांबवतात. पण हृदयात स्टेंट असेल तर तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरला विचारून व्हायला हवा, शेजारच्या तात्यांना विचारून नव्हे. साखरेच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. या गोळ्या हल्ली घरोघरी झाल्यात आणि हेच सांगायचं नेमकं राहून जातं. बीपीची कुठली गोळी त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कुठली नाही, हे कागदावर लिहून घ्या.

बिडी, तंबाखू, मिश्री तारीख ठरल्या दिवसापासून बंद. निपाणीकडच्या आज्या मिश्रीला व्यसन धरतच नाहीत, म्हणून तिचं नाव घेऊन विचारावं लागतं. श्वास ओढला की तीन छोटे चेंडू वर उचलले जातात, ते फुफ्फुसाच्या व्यायामाचं यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं. ते आधीपासूनच ओढायची सवय लावा.

सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: "अडचण आली तर काय करणार?" वर्षानुवर्षं सूज येऊन गेलेलं पित्ताशय आतड्याला, यकृताला चिकटून बसलेलं असतं. तिथं हट्टानं ओढाताण केली तर पित्तनळीला इजा होते, आणि तो या ऑपरेशनमधला सगळ्यात वाईट प्रकार. "गरज पडली तर पोट उघडू, नाहीतर पित्ताशयाचा थोडा भाग आत ठेवू" असं सरळ सांगणारा सर्जन मला आवडतो. पोट उघडावं लागलं म्हणजे डॉक्टर चुकला, असं गावभर सांगत फिरू नका. आणि "वय झालंय, नुसती नळी घालून पू काढू" असा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात जास्त जोखमीच्या पेशंटमध्ये दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर मोठी गुंतागुंत १२ टक्क्यांना झाली, नळी घातलेल्यांत ६५ टक्क्यांना. अगदीच गंभीर पेशंटची गोष्ट वेगळी.

संमतीपत्र आपल्याकडे कन्नड नाहीतर इंग्रजीत येतं. पेशंटला मराठीच येत असेल तर ते मराठीत समजावून घेतल्याशिवाय अंगठा उठवू देऊ नका. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेतून खर्चाचं बघा. ठरवून करायच्या ऑपरेशनला सरकारी दवाखान्याचं रेफरल मागतात, ते शेवटच्या दिवशी धावून मिळत नाही.

ऑपरेशननंतरच्या रात्री घरचं एक माणूस उशाशी हवंच. दिवसभर शहाणा असलेला म्हातारा अंधार पडला की भिरभिरतो, सलाईन ओढतो, "मला घरला सोडा" म्हणून उठतो. ड्यूटीवरची सिस्टर कन्नडमधून समजावते, त्यामुळं तो आणखीच बिथरतो. चष्मा डोळ्यावर, ऐकायचं यंत्र कानात, बारीक दिवा सुरू, आणि ओळखीच्या आवाजात "अण्णा, दवाखान्यात आहोत, ऑपरेशन झालं" एवढं पुन्हा पुन्हा सांगायचं. झोपेची गोळी मागू नका, त्यानं गोंधळ वाढतो. लघवी झाली काय ते विचारा. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची तुंबते.

खांदा दुखतो म्हणून घाबरू नका, तो पोटातल्या हवेमुळं दुखतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. पण पोट फुगत चाललंय, दुखणं वाढतंय, ताप आहे, डोळे पिवळे होतायत किंवा माणूस एकाएकी मलूल झालाय, तर उद्यावर टाकू नका. जेवायला मऊ भात, वरण, पातळ आमटी. सोसेल तशी भाकरी. भेटायला येणारे कुंद्याची मिठाई घेऊन येतील, ती नातवंडांना द्या.

काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवतात. क्वचित त्यात कॅन्सर निघतो, आणि उतारवयात ती शक्यता थोडी जास्त असते. खडे बाटलीत भरून घरी आणतात लोक, पण हा रिपोर्ट आणायचं विसरतात. टाके दाखवायला जाल तेव्हा मागून घ्या, आणि नुसता फाईलला न लावता डॉक्टरकडून वाचून घ्या.