जिवंत बोई आणि कोळंबी गळाला लावताना या चुका टाळा

मोठ्या माशासाठी आमिष म्हणून गळाला लावलेली बोई पाचच मिनिटांत पोट वर करून तरंगायला लागली, तर बहुतेकदा दोष बोईचा नसतो आणि जागेचाही नसतो. गळ चुकीच्या ठिकाणी टोचलेला असतो. हल्ली हे फार दिसतं, कारण नवीन मंडळी मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकतात आणि त्यातले कितीतरी व्हिडिओ कॅनडा किंवा मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्यांवरचे असतात. बर्फाला भोक पाडायचं, बोटाएवढ्या जिवंत माशाला पाठीवरच्या पराजवळ गळ टोचायचा आणि दोरी सरळ खाली सोडायची. तिथे ते अगदी बरोबर आहे. बर्फाखालचं तळ्याचं पाणी जवळजवळ स्थिर असतं, बर्फालगत शून्य अंशाच्या आसपास आणि खोल तळाशी चार अंशांपर्यंत. अशा गारठ्यात छोट्या माशाला प्राणवायू कमी लागतो आणि पाठीतून टोचलेला मासा आडवा, तोल सांभाळून पोहत राहतो.

मनोरीच्या नाहीतर वाशीच्या खाडीत यातलं काहीही नसतं. इथे पाणी साधारण सव्वासहा तास चढतं, तेवढाच वेळ उतरतं आणि उधाणाच्या दिवसांत जोरात धावतं. म्हणून जिवंत आमिष लावताना पहिला प्रश्न एकच: पाणी आत्ता वाहतंय की थांबलंय? गळ कुठे टोचायचा हे त्यावरून ठरतं.

वाहत्या पाण्यात पाठीत गळ

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मासा तोंडाने पाणी आत घेतो आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. प्रवाहात तो आपोआप तोंड पाण्याकडे करून उभा राहतो. पाठीत गळ असला की दोरी त्याला आडवं ओढते, कधी शेपटीकडून मागे खेचते. पाणी कल्ल्यांत उलट्या बाजूने शिरतं, मासा गरगर फिरतो, तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) पीळ पडतो आणि थोड्या वेळात बोई मरते. मग जिवंत आमिषासाठी केलेली सगळी धडपड वाया.

वाहत्या पाण्यात गळ वरच्या ओठातून, आतून बाहेर काढा. किंवा नाकपुड्यांतून आडवा घाला. दोन्ही ओठ एकत्र टोचायची सवय बऱ्याच जणांना असते, कारण फेकताना मासा सुटत नाही. पण तोंड शिवलं गेलं की बोईला धड श्वास घेता येत नाही, आणि पाणी मंदावलं की ती लगेच दमते. फेकताना आमिष सुटत असेल तर फेक बदला, टोचायची जागा नको. रॉडला झटका न देता, लांब लीडरने (गळाजवळच्या दोरीच्या तुकड्याने) हळू झोका देऊन सोडलं की वरच्या ओठातली बोईही नीट पडते. हातभर कमी लांब गेली तरी चालेल. ज्याच्यासाठी हे आमिष लावतो तो जिताडा हा मोठा मासा पुष्कळदा तिवरांच्या मुळांशी आणि पुलाच्या खांबांशी दबा धरून असतो, त्यामुळे फार लांब फेकायची गरजच नसते.

भरती पूर्ण भरून पाणी थांबतं तो थोडा वेळ मात्र वेगळा. जेट्टीवरून फ्लोट (दोरीवरचा तरंगता बोंडा) लावून सरळ खाली सोडत असाल तर बर्फावरची पद्धत इथेही चालते. बोईच्या पाठीवर दोन पर असतात. पुढच्या पराच्या लगेच मागे, कातडी आणि थोडंसं मांस एवढंच घेऊन गळ आरपार काढा. परदेशी व्हिडिओत अंगावरच्या मधल्या रेघेच्या वर टोचायला सांगतात. बोईच्या अंगावर तशी स्पष्ट रेघ नसते, म्हणून ती शोधत बसू नका. अंगठ्याने पाठ चाचपा आणि वरच्या कडेलाच राहा. गळ खोल गेला की कण्याला लागतो आणि शेपटीची हालचाल तिथेच थांबते. तसं झालं तर ती बोई काढून दुसरी लावा. नुसती लोंबणारी बोई ताज्या मेलेल्या आमिषापेक्षा जास्त काम करत नाही.

बोईचे खवले मोठे असतात, त्यामुळे आणखी एक भानगड होते. टोचताना एखादा खवला गळाच्या टोकावर रुतून बसतो आणि टोक झाकलं जातं. मासा ओढतो, तुम्ही ओढता, गळ लागत नाही. टोचून झाल्यावर टोकावरून नख फिरवून बघा.

कोळंबीचा काळा ठिपका

कोळंबी नाजूक असते, पण खाडीत तिच्याइतकं चालणारं आमिष नाही असं माझं स्पष्ट मत आहे. जिताडा, तांबोशी, हेकरू, ढोमा, कोणीही तिला नाही म्हणत नाही.

जिवंत कोळंबी उजेडाकडे धरली की डोक्याच्या कवचाआड काळपट ठिपका दिसतो. जठर, हृदय सगळं त्या भागात आहे. गळ त्यातून गेला की कोळंबी संपली. वाहत्या पाण्यात डोक्यावरच्या करवती काट्याच्या बुडाशी, ठिपक्याच्या पुढे, कवचातून गळ आडवा काढा. तोंड प्रवाहाकडे राहतं, पाय हलत राहतात, आणि हळू गुंडाळताना ती पुढे पोहतेय असं वाटतं.

थांबलेल्या पाण्यात शेपटीकडून लावा. सोलताना पाठीतून काढतो तो काळा दोरा म्हणजे तिचं आतडं. नसांची मुख्य दोरी पोटाच्या बाजूने जाते. म्हणून शेपटीच्या पंख्याआधीच्या शेवटच्या पेरातून गळ पाठीच्या बाजूला, आडवा आणि उथळ घ्या. घाबरलेली कोळंबी शेपूट मारून मागे उडी घेते, आणि ते फटके टिकले तरच मोठा मासा तिच्याकडे वळतो. मधल्या पेरांतून गळ ओवला की कोळंबी वाकडी होऊन पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते. मेलेल्या कोळंबीला तसं ओवतात, जिवंतला नाही.

जाड गळ हीसुद्धा मोठी चूक. मोठ्या जिताड्याच्या आशेने लोक जाडजूड गळ घेतात आणि तीन इंची कोळंबीला त्याचं वजनच पेलत नाही. बारीक तारेचा, टोक नव्याने धारदार केलेला गळ घ्या. कोळंबी किंवा बोई लावल्यावर टोक आणि दांडा यांच्यामधली जागा मोकळी दिसायला हवी.

बादलीतच अर्धी मेलेली

पुष्कळ आमिष गळापर्यंत पोचायच्या आधीच गेलेलं असतं. शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरला १४ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात तो ६ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, आणि त्याच उष्णतेत माशाला प्राणवायू जास्त लागतो. बर्फावरचा माणूस छोट्या बादलीत भरपूर मासे ठेवू शकतो. आपण तसं केलं तर वर्सोव्याहून मढला पोचेपर्यंत ते वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. बॅटरीवर चालणारा फिशटँकचा पंप घ्या, झाकणाची बादली घ्या, मासे कमी ठेवा आणि अधूनमधून अर्धं पाणी खाडीच्या पाण्याने बदला.

नळाचं पाणी कधीच घालू नका. त्यात क्लोरीन असतं आणि मीठ नसतं, दोन्ही घातक. त्याच कारणाने बर्फाचे सुटे तुकडेही टाकू नका. पाण्याची बंद बाटली गोठवून बादलीत ठेवा, तीही छोटी, म्हणजे पाणी एकदम गार पडत नाही. कोळंबीला पाणीच हवं असंही नाही. खाडीच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात, सावलीत, गारव्याला ती बराच वेळ तग धरते. कोळीवाड्यातल्या मावशींकडून घेणार असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा की जिवंत हवी. टोपलीतली ताजी आणि उड्या मारणारी यात आमिषासाठी मोठा फरक आहे.

हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हाताला, त्यातून डासांचं मलम लावलेल्या हाताला, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तो लवकर मरतो.

आमिष परत आल्यावर

गुंडाळून घेतलेलं आमिष फेकायच्या आधी नीट बघा. कोळंबीचे पाय आणि पोट कुरतडलेलं असेल तर बारीक मासे आहेत, थोडं वर उचला. तंगुसाजवळ कापल्यासारखं साफ तुटलं असेल तर तळाला चिंबोरी आहे किंवा अंग फुगवणारा चोचीचा मासा. तिथे शिसं तळावर ठेवून उपयोग नाही, फ्लोट लावा. बोईच्या अंगावरचे खवले आडवे खरवडले असतील तर मोठ्या माशाने धरून सोडली आहे. तिथून हलू नका, ताजी बोई त्याच जागी सोडा.

असा मासा सुटतो तो बहुतेकदा घाईने. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो आणि मग वळतो. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, असेल तर झटका मारूच नका. दोरी ताणू द्या आणि सरळ गुंडाळायला लागा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. साध्या गळाला मात्र तो वळल्यावर एक ठाम ओढ लागते.

वर आलेल्या जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तिथे बोटं घालू नका. आणि फार मोठा असेल तर सोडायचा विचार करा. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे मोठे मासे बहुतेक माद्याच.

उरलेली बोई जिथून धरली त्याच खाडीत सोडा. तळ्यावर नेलेलं तिलापियासारखं परदेशी माशाचं आमिष मात्र दुसऱ्या कुठल्याही तळ्यात किंवा खाडीत सोडू नका, ते आपल्या घरच्या माशांची जागा खातं.