परदेशातल्या गल्ल्याचे आकडे लिहिताय? या चुका टाळा

सिनेमाच्या पानावर येणारा मजकूर तपासायचं काम मी बरीच वर्षं करतोय. लिहिणारी मुलं बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. त्यातही सिनेमा युद्धाच्या काळातला असेल, प्रेमकथा असेल, हसवणारा असेल आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतला असेल, तर आकड्यांचा हमखास घोळ होतो. म्हणून एकच उदाहरण धरून बोलतो: इटालियन दिग्दर्शक-अभिनेता रॉबेर्तो बेनीन्यीचा 'लाइफ इज ब्युटिफुल'. जवळपास प्रत्येक चूक या एका सिनेमावर करून झालेली मी पाहिली आहे.

आधी ढोबळ आकडे. सिनेमा इटलीत लागला २० डिसेंबर १९९७ ला, अमेरिकेत ऑक्टोबर १९९८ मध्ये. खर्च सुमारे २ कोटी डॉलर. जगभराचा गल्ला साधारण २३ कोटी डॉलर, त्यातले ५ कोटी ७६ लाख अमेरिका आणि कॅनडातले.

'डोमेस्टिक' म्हणजे कुणाचं घर?

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती एकदा माझ्या हाताखालून छापून गेली आहे.

युद्धातल्या प्रेमकथांवर रविवारचं पान करायचं होतं. एका हुशार पण घाईच्या मुलाने चौकट करून आणली. दोन रकाने होते: 'मायदेशी' आणि 'परदेशी'. पहिल्यात ५.७६ कोटी, दुसऱ्यात १७.२५ कोटी. वर मथळा: 'इटलीपेक्षा परदेशात तिप्पट कमाई!' भागाकार बरोबर होता, आकडेही बरोबर होते. पान सोडायची वेळ झाली होती, मी बेरीज पाहिली, जुळली, आणि पान सोडलं.

सोमवारी सकाळी दहाच्या आत फोन. एक निवृत्त गृहस्थ होते, नोकरीनिमित्त मिलानमध्ये राहून आलेले. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "अहो, हा सिनेमा मी तिथे नाताळात पाहिलाय. तिकिटाला जागा मिळत नव्हती. आणि तुम्ही इटलीच्या नावावर जो आकडा टाकलाय ना, तो अमेरिकेचा आहे हो."

खरंच तसं होतं. अमेरिकी याद्यांमध्ये 'डोमेस्टिक' म्हणजे कायम अमेरिका आणि कॅनडा, सिनेमा कुठलाही असो. इटलीचा सगळा धंदा त्या १७.२५ कोटींच्या पोटात होता. म्हणजे आम्ही अमेरिकेला इटली केलं आणि इटलीला परदेशात ढकललं. मथळा मुळापासून खोटा होता. पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापली, पानाच्या तळाला, जिथे कुणी वाचत नाही. मथळा मात्र सगळ्यांनी वाचला होता.

आपल्याकडे ही चूक सहज होते, कारण आपल्या ट्रेडमध्ये 'ओव्हरसीज' म्हणजे भारताबाहेरचं. अमेरिकी यादीत 'दंगल' उघडून बघा. 'डोमेस्टिक'मध्ये १ कोटी २४ लाख डॉलर दिसतील. आमिर खानच्या सिनेमाचा भारतातला धंदा एवढाच, असं कुणी म्हणेल का? नाही म्हणणार, कारण तिथे आपल्याला अंदाज असतो. इटलीबद्दल तो नसतो, म्हणून समोर दिसेल ते आपण उतरवून घेतो.

माझी सवय सांगतो. आकडा वहीत लिहायच्या आधी मी चार गोष्टी लिहितो: कुठला, कधीचा, कोणत्या पैशात, कुणी मोजलेला. चारही जागा भरल्या नाहीत तर आकडा पेन्सिलीने लिहितो, आणि पेन्सिलीतला आकडा मी छापत नाही. नव्या मुलांना हे वेळखाऊ वाटतं. दोन मिनिटं लागतात.

आजच्या भावाने रुपये करणं

ही माझी दुसरी दुखरी जागा. २३ कोटी डॉलर गुणिले पंच्याऐंशी, की झाले साडेएकोणीसशे कोटी रुपये, आणि लगेच आजच्या एखाद्या हिंदी सिनेमाशेजारी तक्ता. १९९८-९९ मध्ये डॉलर बेचाळीस रुपयांच्या आसपास होता. त्या भावाने तोच गल्ला साडेनऊशे कोटींच्या थोडा पुढे जातो. एका गुणाकारात निम्म्याहून जास्त रक्कम हवेतून आली.

बरं, जुना भाव लावला म्हणजे तरी तुलना होते का? नाही. तेव्हा अमेरिकेत सरासरी तिकीट पाच डॉलरच्या आतबाहेर होतं. त्या हिशेबाने ५ कोटी ७६ लाख डॉलर म्हणजे साधारण एक कोटी पंधरा लाख माणसं. आता तिथलं तिकीट दहा डॉलरच्या वर गेलंय. तेवढीच माणसं आज थिएटरात आली तर आकडा दुपटीच्या वर दिसेल, आणि सिनेमा तोच असेल. म्हणून मी शक्य तिथे माणसं मोजतो. फ्रान्समध्ये तर गल्ल्याची भाषाच तिकिटांची आहे. सिनेमा किती चालला हे तिथे किती जणांनी पाहिला यावरून सांगतात. युरोपभरच्या प्रेक्षकसंख्येसाठी 'ल्युमिएर' नावाचा डेटाबेस आहे, १९९६ पासूनची नोंद त्यात सापडते. तो उघडायचे कष्ट फार थोडे लोक घेतात. विकिपीडियाच्या उजवीकडच्या चौकटीतून आकडा उचलणं सोपं पडतं ना!

इटलीतल्या जुन्या आकड्यांना आणखी एक गाठ आहे. ते लिरामध्ये असतात. युरो आल्यावर १ युरो म्हणजे १९३६.२७ लिरा असा दर कायमचा ठरला. त्या दराने युरो करा, पण 'तेव्हाचे युरो' असं लिहू नका. १९९७ च्या डिसेंबरात युरो नव्हताच.

गल्ला म्हणजे नफा नव्हे

२३ कोटींतून २ कोटी वजा केले आणि '२१ कोटींचा नफा' असं लिहून टाकलं. थिएटरवाल्याचा वाटा कुठे गेला? वितरकाचा? जाहिरातीचा, प्रिंटचा? गल्ल्यातली साधारण निम्मी रक्कम थिएटरांकडेच राहते. शिवाय प्रत्येक देशात हक्क विकत घेणारा वेगळा. नफ्याचा आकडा हातात नसेल तर नफा हा शब्द वापरू नका.

याच्याच जोडीला: आपल्याकडचा 'नेट' (कर वजा केलेला) आकडा आणि अमेरिकेचा 'ग्रॉस' (तिकीट खिडकीवरची सगळी जमा) एका ओळीत मांडू नका. महाराष्ट्रात जीएसटीच्या आधी करमणूक कर ४५ टक्क्यांपर्यंत होता आणि मराठी सिनेमाला तो माफ होता, एवढं लक्षात ठेवलं तरी ग्रॉस आणि नेटमध्ये केवढी दरी असू शकते ते कळेल.

'ऑस्करमुळे चालला'

हे वाक्य मी दर वेळी खोडतो. ऑस्कर सोहळा झाला २१ मार्च १९९९ ला. नाव पुकारल्यावर बेनीन्यी आनंदाने खुर्च्यांवर चढला, ते दृश्य सगळ्यांना आठवतं, म्हणून सगळं श्रेय त्या रात्रीला. पण तोवर सिनेमा इटलीत गाजून वर्ष उलटलं होतं. अमेरिकेतही इंग्रजीखेरीज भाषेतल्या सिनेमांमध्ये तो त्याआधीच 'इल पोस्तिनो' या आधीच्या इटालियन सिनेमाच्या पुढे गेला होता. मोजक्या थिएटरांत लागला, लोकांनी एकमेकांना सांगितलं, आठवड्यामागून आठवडे पडदे वाढत गेले. ऑस्करने पुढे आणखी भर घातली, हे खरंच. पण भर आणि पाया यांत फरक आहे. पहिल्या आठवड्याचा गल्ला पाहून निकाल लावणाऱ्यांनी तर या सिनेमाचा आलेख मुद्दाम काढून बघावा. त्याच मापाने मोजलं असतं तर पहिल्याच सोमवारी त्याला पडेल ठरवावं लागलं असतं.

आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री म्हणजे दुसऱ्या मानाचं पारितोषिक मिळालं होतं, पाम दोर हे पहिलं नाही. दर वर्षी एकदा तरी ही चूक माझ्या टेबलावर येते.

सबटायटल्सची भीती

'इंग्रजीत डब केला असता तर आणखी चालला असता' असं ठामपणे लिहिणारे भेटतात. केला होता. १९९९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत इंग्रजी डब आवृत्ती लावली, ती फारशी कुणी पाहिली नाही. लोकांना बेनीन्यीचा स्वतःचा आवाज हवा होता, ती धांदल, तो 'बोन्जोर्नो प्रिन्चिपेस्सा' (सुप्रभात, राजकुमारी). लिहिण्याआधी घडलंय का ते तपासा.

प्रकार कोणता, यावरून क्रमांक

एका यादीत हा रोमँटिक कॉमेडी, दुसऱ्यात युद्धपट, तिसऱ्यात नुसता ड्रामा. पहिल्या अर्ध्यात आरेत्सो गावातला वेटर ग्विदो शिक्षिका डोराच्या मागे लागतो, तिच्या साखरपुड्याच्या मेजवानीतून तिला हिरव्या रंगवलेल्या घोड्यावर बसवून नेतो. दुसऱ्या अर्ध्यात छळछावणी. अशा सिनेमाला 'आजवरची सर्वाधिक कमाईची युद्धकालीन रोमँटिक कॉमेडी' म्हणायचं असेल, तर ती यादी कुणी केली आणि त्यात कोण कोण धरलंय हे त्याच वाक्यात सांगा. सांगता येत नसेल तर क्रमांक काढून टाका. वाक्य छोटं झालं तर होऊ द्या.

वर्ष

'१९९७ चा सिनेमा' म्हणून १९९७ च्या कमाईच्या यादीत त्याला शोधू नका. त्या वर्षात तो फक्त बारा दिवस चालला, तोही एकट्या इटलीत.