सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन खातं कायमचं बंद करायचंय? क्रम चुकवू नका

ॲप काढून टाकलं की सबस्क्रिप्शनही संपलं, असं समजणारे कमी नाहीत. ॲप जातं, पैसे कापले जातच राहतात. ॲप, सबस्क्रिप्शन आणि खातं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप तुमच्या फोनवर किंवा कंप्युटरवर असतं. सबस्क्रिप्शन म्हणजे दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे घ्यायची तुम्ही दिलेली परवानगी. आणि खातं म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरचा तुमचा सगळा पसारा: ईमेल, फायली, बिलं, सेटिंग. 'कॅन्सल सबस्क्रिप्शन' दाबल्यावर फक्त परवानगी थांबते. खातं बहुधा फुकटच्या योजनेवर उतरतं आणि वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. उलट आधी खातंच उडवलं, तर काही ठिकाणी पैसे कापणं चालू राहतं आणि ते थांबवायला लॉगिन करायची सोयही उरत नाही.

म्हणून आधी डेटा बाहेर काढायचा, मग गुंतलेले धागे सोडवायचे, मग पैसे थांबवायचे. खात्याला हात सगळ्यात शेवटी.

डेटा बाहेर काढणं

या कामाला पुढच्या बिलाच्या तारखेआधी किमान आठवडाभराचा वेळ हाताशी ठेवा. सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' किंवा 'डाउनलोड युअर डेटा' असं काहीतरी सापडतं. दाबल्याबरोबर फाइल हातात पडेल असं मात्र नाही. मोठ्या खात्याची झिप, म्हणजे सगळ्या फायलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, तयार व्हायला काही तास, कधी काही दिवस लागतात. मग ईमेलवर लिंक येते आणि तीही ठरावीक दिवसच चालते. गूगलमधला डेटा उतरवायच्या 'गूगल टेकआउट' या सोयीची लिंक साधारण ७ दिवसांत बाद होते.

झिप उतरली म्हणजे काम झालं असं धरू नका. ती उघडा, सगळ्यात जुनी फाइल आणि सगळ्यात मोठी फाइल उघडून बघा, एकूण संख्या खात्यातल्या संख्येशी ताडून पाहा. एक्स्पोर्टमध्ये बऱ्याचदा न येणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: फायलींवरच्या कॉमेंट, जुन्या आवृत्त्या आणि इतरांनी तुमच्याशी शेअर केलेलं साहित्य. यातलं जे हवं असेल ते हाताने उतरवून घ्यावं लागतं.

फाइल त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असेल तर दोन प्रती घ्या. एक मूळ फॉरमॅटमध्ये, पुढे कधी लागली तर. दुसरी कुठेही उघडेल अशी: मजकुरासाठी पीडीएफ, तक्त्यांसाठी सीएसव्ही, चित्रांसाठी पीएनजी किंवा एसव्हीजी. सॉफ्टवेअरच हातात नसताना नुसती मूळ फाइल जवळ असून उपयोग शून्य.

सीएसव्हीच्या बाबतीत मराठी मजकूर असणाऱ्यांची हमखास घाबरगुंडी उडते. फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेलमध्ये देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसते. बहुतेक वेळा फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकीचं धरलेलं असतं. ती तशीच सेव्ह न करता बंद करा. कोरी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइल ओरिजिनच्या यादीत '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. अक्षरं जागेवर येतात. ही तपासणी खातं चालू असतानाच करा. खरंच काही बिघडलेलं असेल तर पुन्हा एक्स्पोर्ट करता येतं.

क्लाउड स्टोरेज बंद करत असाल तर कंप्युटरवरच्या सिंक फोल्डरवर, म्हणजे सर्व्हरशी आपोआप जुळवून घेणाऱ्या फोल्डरवर, डोळे झाकून विसंबू नका. तिथे दिसणारी प्रत्येक फाइल तिथे असतेच असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये नावाशेजारी निळा ढग असेल तर ती फाइल फक्त सर्व्हरवर आहे, तुमच्याकडे तिचं नुसतं नाव आहे. हिरवी खूण असेल तर ती कंप्युटरवर उतरलेली आहे. पूर्ण फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळे ढग जाईपर्यंत थांबा आणि मग फोल्डर कॉपी करून सिंकच्या बाहेर दुसरीकडे ठेवा. त्यानंतर कंप्युटर खात्यापासून तोडा, म्हणजे 'अनलिंक' करा. न तोडता वेबसाइटवरून फायली पुसल्या तर सिंक इमानेइतबारे कंप्युटरवरच्याही पुसतो.

पासवर्ड मॅनेजर सोडताना वेगळी काळजी लागते. त्याच्या सीएसव्हीमध्ये सगळे पासवर्ड उघडे, कुणालाही वाचता येतील असे असतात. नव्या ठिकाणी ते चढवले, दोन-चार ठिकाणी लॉगिन करून पाहिलं, की ती फाइल लगेच पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

गुंतलेले धागे

हे खातं वापरून दुसरीकडे कुठे लॉगिन करता का? तसं असेल तर त्या प्रत्येक ठिकाणी आधी वेगळा ईमेल आणि पासवर्ड लावून घ्या. उलट बाजूही बघा: या सेवेत तुम्ही गूगल किंवा ॲपलच्या खात्याने शिरत असाल, तर ती परवानगी त्यांच्या सेटिंगमधून वेगळी काढावी लागते. टीमच्या खात्याचे मालक तुम्ही असाल तर मालकी दुसऱ्याच्या नावावर करा. नाहीतर अनेक सेवांमध्ये तुमच्याबरोबर सगळ्यांचं कामही जातं. नुसते सदस्य असाल तर टीमचं खातं बंद करायचा अधिकारच तुम्हाला नसतो. स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) जोडलेलं असेल तर ते आधी सोडवा. ज्या कंप्युटरांवर सॉफ्टवेअर चालू आहे तिथून साइन आउट करा. आणि जुनी बिलं आत्ताच उतरवा, खातं गेल्यावर बिलांचं पानही जातं.

पैसे थांबवणं

पैसे कोण घेतं हे आधी शोधा. पहिल्या बिलाचा ईमेल किंवा बँकेचं स्टेटमेंट पाहा. नाव ॲपल किंवा गूगलचं असेल तर सॉफ्टवेअर कंपनीच्या वेबसाइटवर कितीही शोधलंत तरी रद्द करायचं बटण बहुधा मिळणार नाही.

आयफोनवर 'सेटिंग्ज' उघडून सगळ्यात वर स्वतःच्या नावावर टॅप करा, मग 'सबस्क्रिप्शन्स', मग ते ॲप, मग 'कॅन्सल सबस्क्रिप्शन'. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप करून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' आणि मग 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा. यादी रिकामी दिसली तर फोनवर दुसरं गूगल खातं आहे का ते बघा. यादीत फक्त निवडलेल्या खात्याचीच सबस्क्रिप्शनं दिसतात.

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. ॲपलच्या नियमाप्रमाणे फुकटच्या चाचणीची मुदत संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. पैसे भरलेलं सबस्क्रिप्शन लवकर रद्द केलं तरी बहुतेक सेवा भरलेल्या मुदतीपर्यंत चालतात. फुकटची चाचणी मात्र काही ठिकाणी त्याच क्षणी बंद होते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'वार्षिक करार, मासिक हप्ता' या योजनेत. पैसे महिन्याला जातात म्हणून ती मासिक वाटते, पण बांधिलकी वर्षाची असते. मध्येच सोडलं तर दंड लागतो. दंड उरलेल्या रकमेच्या निम्मा असेल आणि पाच महिने झाल्यावर सोडलं, तर उरलेल्या सात महिन्यांपैकी साडेतीन महिन्यांचे पैसे एकदम जातात. अडोबीवर अमेरिकेच्या सरकारने, फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या संस्थेच्या शिफारशीवरून, जून २०२४ मध्ये खटला भरला तो याच प्रकारच्या शुल्कावरून. ते लपवून ठेवलं जातं, असा आरोप होता. रद्द करण्याआधी योजनेचं पूर्ण नाव आणि वर्ष कधी भरतं ते वाचा. वर्ष भरायला महिनाभरच उरला असेल तर थांबणंच बरं.

रद्द करताना मध्ये दोन-तीन पानं आडवी येतात: अर्ध्या किमतीत राहा, तीन महिने थांबवून ठेवा, का जाताय ते सांगा. ठळक रंगाचं बटण बहुधा 'राहतो' असं म्हणणारं असतं आणि हवं ते खाली बारीक अक्षरात. 'रद्द झालं, अमुक तारखेपर्यंत वापरता येईल' असा ईमेल आल्याशिवाय काम झालं असं मानू नका.

कार्ड बंद करून पिच्छा सोडवायचा उपाय कच्चा आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडेही नव्या कार्डाचा नंबर विक्रेत्यापर्यंत आपोआप पोचवणारी सोय आहे. शिवाय करार चालू असेल तर न भरलेले पैसे थकबाकी म्हणून उभे राहतात.

आता खातं

'डिॲक्टिव्हेट' आणि 'डिलीट' यांत फरक आहे. पहिल्यात खातं झाकून ठेवतात, पुसत नाहीत. तुम्हाला 'डिलीट अकाउंट' किंवा 'क्लोज अकाउंट' हवं. ते बहुधा 'प्रायव्हसी' किंवा 'सिक्युरिटी'च्या तळाशी असतं. वेबसाइटवर सापडलं नाही तर आयफोनच्या ॲपमध्ये बघा. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यातूनच ते पुसायला सुरुवात करता आली पाहिजे, असा ॲप स्टोअरचा नियम ३० जून २०२२ पासून आहे.

बटण मिळालंच नाही तर खात्याला जोडलेल्या ईमेलवरूनच एवढं लिहून पाठवा: 'या ईमेलचं खातं आणि त्यातला माझा सर्व वैयक्तिक डेटा कायमचा पुसावा. सबस्क्रिप्शन अमुक तारखेला रद्द केलं आहे, शेवटच्या बिलाचा नंबर अमुक. पुसल्यावर लेखी कळवावं.' पासवर्ड किंवा पूर्ण कार्ड नंबर कधीही देऊ नका. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षणाच्या कायद्याखाली अशा विनंतीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर देणं कंपनीला बंधनकारक आहे. बिलांच्या नोंदी मात्र हिशेब आणि करांसाठी कंपनी ठेवू शकते.

पुसण्याची विनंती केल्यावर बऱ्याच ठिकाणी थांबण्याचा काळ असतो. मायक्रोसॉफ्ट ३० किंवा ६० दिवस निवडायला देतं. या काळात लॉगिन केलं की काही सेवांमध्ये खातं पुन्हा जिवंत होतं. तुम्ही नसेल केलं, तर कपाटातल्या जुन्या टॅबलेटवरचं ॲप करू शकतं. म्हणून विनंतीआधी 'साइन आउट ऑफ ऑल डिव्हाइसेस' दाबा, ॲपं काढा, जोडलेल्या इतर सेवांची परवानगी काढा. दोन टप्प्यांच्या लॉगिनचा कोड देणारं ॲप मात्र मुदत संपेपर्यंत ठेवा. मध्येच एखादी फाइल आठवली तर आत शिरायला तेच लागेल.

मुदत संपल्यावर लॉगिन करून बघू नका. पुढची दोन स्टेटमेंटं तपासा, आणि योजना वार्षिक असेल तर नूतनीकरणाच्या तारखेची आठवण कॅलेंडरमध्ये लावा. बंद करत असलेलं खातं ईमेलचंच असेल तर रद्द झाल्याचे सगळे निरोप आधी दुसऱ्या ईमेलवर पाठवून ठेवा. पैसे परत मागायची वेळ आली तर पुरावा म्हणून तेच लागतात, आणि खात्याबरोबर तेही पुसले गेलेले असतात.