तान्हुलं घेऊन खान्देशात फिरायला निघताय? या चुका टाळा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, मोठ्या भावंडांच्या शाळा सुटतात, नोकरदारांनाही रजा तेव्हाच मिळते. त्यामुळे खान्देशातल्या सहली निघतात त्या नेमक्या एप्रिल-मेमध्ये, भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना. मोठी माणसं डोक्याला रुमाल बांधून निभावून नेतात. दीड-दोन वर्षांच्या लेकराचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि तहान लागली हे त्याला धड सांगताही येत नाही. जमत असेल तर ही सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावी. नसेल जमत, तर पुढचं वाचा.

“गाडी केलीच आहे तर…”

बहुतेक सहली या एका वाक्याने बिघडतात. सकाळी पद्मालयाचं दर्शन, वाटेत पाचोऱ्याच्या मावशीकडे जेवण, दुपारी पाटणादेवी आणि रात्री परत घरी. कागदावर सगळं बसतं. पण लेकराची दुपारची झोप गाडीत तुकड्यातुकड्यांनी होते. मग संध्याकाळी ते असं रडतं की आजी मीठ-मोहऱ्या ओवाळत म्हणते, “पोऱ्याले नजर लागनी.” दृष्ट काढायला हरकत नाही, पण दुपारपासून त्याने शू केली का तेही बघा. सहा-आठ तास शू नाही, ओठ कोरडे, रडताना डोळ्यांत पाणी नाही, असं दिसलं तर त्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय.

एका दिवसाला एक ठिकाण पुरे. पहाटे निघा, साडेदहापर्यंत फिरणं आटोपा आणि अकरा ते चार सावलीत काढा. कुणा नातेवाइकांना वाईट वाटलंच, तर ते संध्याकाळच्या चहाला जाऊन भरून काढता येतं.

अजिंठ्याला बाबागाडी

ही हौस मी बऱ्याच तरुण आईबापांत पाहते. लेणी सोमवारी बंद असतात, हे आधी लक्षात ठेवा. खासगी गाडी फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबते, पुढे बसने जावं लागतं आणि मग पायऱ्या. बाबागाडी तिथे नुसतं ओझं. मूल पोटाशी किंवा पाठीशी बांधायची झोळी घ्या. लेणी ३० आहेत, पण कडेवर मूल असताना पहिली, दुसरी, सोळावी आणि सतरावी पाहून मागे फिरलं तरी काही बिघडत नाही. आतल्या अंधाराला मूल घाबरतं, तेव्हा एकाने आत जावं आणि दुसऱ्याने बाहेर सावलीत थांबावं. लेकराच्या हातात केळं देऊन मात्र मोकळं सोडू नका. माकडं ते हिसकावतात, ओरबाडतातही. पाटणादेवीलाही हेच.

तोरणमाळ आणि उनपदेव

तोरणमाळच्या डोंगरावर जाताना दूध, लंगोट, औषधं सगळं शहाद्यातच भरून घ्या. वर फारसं मिळत नाही, मोबाइलची रेंजही भरवशाची नाही. घाटात मळमळ सहसा दोन वर्षांवरच्या मुलांना होते, त्याहून लहानांना क्वचित. निघायच्या तासभर आधी हलकं खायला द्या, गच्च पोटाने घाट चढू नका. हिवाळ्यात वर रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा स्वेटर-टोपी असू द्या.

अडावदजवळच्या उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. आपल्याला सुखावणारं पाणी लेकराच्या पातळ कातडीला पोळू शकतं. आधी आपलं कोपर बुडवून बघा. शंका आली तर त्या पाण्यात त्याला उतरवूच नका.

गावाकडचं घर सुरक्षितच, असं धरून चालणं

फिरण्यापेक्षा मुक्कामाच्या घरातच जास्त अपघात होतात असं माझं मत आहे, आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. खान्देशातल्या घरात उन्हाळ्यात लोखंडी कूलर चालूच असतो. त्याच्या जाळीत बोट जातं, ओल्या पत्र्यात कधी करंटही उतरतो. अंगणात भरलेला हौद असतो, मोरीत बादल्या असतात. चालायला शिकलेलं मूल वाकून बघतं आणि डोक्याच्या भाराने आत पडतं. बुडायला वीतभर पाणी पुरतं. पोहोचल्या पोहोचल्या बादल्या पालथ्या करा, हौदावर झाकण टाका आणि कूलरपुढे खाट आडवी लावा. यजमानांना राग येत नाही, उलट आजोबाच पुढे होऊन खाट ओढून देतात.

रात्री सगळे गच्चीवर किंवा धाब्यावर (मातीच्या सपाट छपरावर) झोपतात. कठडा नसेल तर मूल घेऊन वर जाऊ नका, मग खाली कितीही उकडलं तरी. अंथरूण टाकण्याआधी गोधड्या झटका, विंचू निघतात.

खाणं

शेवभाजीची तर्री लेकराच्या ताटात नको, हे कुणाला सांगावं लागत नाही. घोटाळा होतो तो दुधाचा. सकाळी भरलेली बाटली दुपारपर्यंत पिशवीत राहते आणि उन्हात दूध नासतं. लागेल तेव्हाच ताजं दूध घ्या, उरलेलं टाकून द्या. रसवंतीचा बर्फ, गोळा, उघड्यावरची कुल्फी नको. जळगावची केळी आहेतच की, साल आपल्या हाताने काढा आणि कुस्करून द्या. सोबत दुधात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ खिचडी. शेंगदाणे आणि फुटाणे मात्र लेकराच्या हाती लागू देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कौतुकाने हातावर ठेवणारे पाहुणे खूप असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

गाडीत

मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणं सर्वांत धोक्याचं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांच्या खास सीटशिवाय बसवलं तर १००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, जोरात ब्रेक लागला तर मूल हातात राहत नाही. दर्शनाला “दोनच मिनिटं” म्हणून झोपलेल्या लेकराला बंद गाडीत ठेवू नका. उभी गाडी आतून भट्टीसारखी तापते.

औषधांची पिशवी

प्रवासात शांत झोपावं म्हणून सर्दीचं सिरप पाजणारे आहेत. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत.

तापाच्या पॅरासिटामॉलमध्ये वेगळीच गफलत होते. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीत १२५. सिरपच्या हिशेबाने थेंब पाजले तर डोस चौपट होतो. निघण्याआधी डॉक्टरांना वजन सांगून मिलीतला डोस बाटलीवरच लिहून घ्या. दोन डोसांत किमान चार तास जाऊ द्या.

जुलाब लागले की ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच टाका. पेल्यात चिमूटभर घालण्याने काम होत नाही, आणि ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस नव्हे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याने, हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध बंद करू नका. तयार केलेलं ओआरएसचं पाणी २४ तासांनी फेकून द्या.

जुलाबात रक्त, पाणीही पोटात न टिकणं, डोळे खोल जाणं, हाक मारली तरी सुस्त पडून राहणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. डोंगरावर असाल तर लगेच खाली उतरा, १०८ ला फोन करा. आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर घाट चढण्याआधीच, रेंज असतानाच, एका कागदावर लिहून ठेवा.