होडीच्या तळाचा रंग: निवड, लावणी आणि देखभाल

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि तळाचं काम नेमकं याच ओल्या दिवसांत उरकावं लागतं. हंगाम निम्म्यावर येण्याआधीच रंगाचे पोपडे निघाले की दोष रंगाच्या कंपनीवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा रंगाखाली कोंडलेला ओलावा किंवा मीठ असतं. म्हणून आधी तळ तपासा, डबा सर्वांत शेवटी विकत घ्या.

धुणं आणि तपासणी

होडी वर आली की त्याच दिवशी, शेवाळ ओलं असतानाच, जोराच्या पाण्याने तळ धुवा. वाळल्यावर दुप्पट मेहनत पडते. बार्नेकलचं (तळाला चिकटणाऱ्या कवचाच्या जिवाचं) कवच सहज उडतं, पण त्याची पांढरी गोल बैठक चिकटून राहते. तळावरून हात फिरवला की ती खरखरीत लागते. तिच्यावरच रंग मारला तर पुढे तो तिच्यासकट निघतो, तेव्हा प्रत्येक बैठक खरवडून काढा. फायबरवर प्लॅस्टिकचं पातं वापरा, लोखंडी पात्याने जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, चरे पडतात. शेवटचं धुणं गोड्या पाण्याचंच हवं. रंगाखाली राहिलेलं मीठ पाणी आत ओढून घेतं आणि फोड येतात.

आता उघड्या तळाकडे नीट पाहा. फायबरवर फोड दिसला तर डोळ्यांना चष्मा लावून तो टोचा. आतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी फायबरमध्ये मुरलंय. असे फोड उघडून, धुऊन, पूर्ण सुकवून इपॉक्सीच्या (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेच्या) लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरावे लागतात, त्यावर इपॉक्सीचे हात. नुसत्या रंगाने ते बरे होत नाहीत. लोखंडी तळावरचा गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं शोधा. लाकूड पोखरणारा टेरेडो अगदी लहान असताना आत शिरतो आणि आतच वाढतो, त्यामुळे वरून फळी धड दिसते. भोकं दिसली की ठोकून आवाज ऐका. पोकळ वाजणारी फळी बदला.

जुन्या रंगाची परीक्षा

थिनरमध्ये भिजवलेलं फडकं जुन्या रंगावर मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून फडक्यावर उतरला तर तो मऊ जातीचा, म्हणजे झिजणारा. त्यावर कडक रंग टिकत नाही. पॉलिश पेपर ८० ते १२० नंबरचा घ्या आणि पाणी लावूनच घासा. ही धूळ तांब्याची आणि विषारी असते, मास्कशिवाय कुणालाही जवळ येऊ देऊ नका.

काजूच्या टरफलाचं तेल पिऊन बसलेल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही. एक तर तेलाचीच पद्धत चालू ठेवा, नाहीतर कोरडं लाकूड लागेपर्यंत तासा. फळ्यांच्या होडीवर जाड, कडक इपॉक्सी आम्ही सुचवत नाही. लाकूड फुगतं-आटतं आणि सांध्यांवर थर तडकतो.

कोणता रंग?

बहुतेक अँटीफाउलिंग, म्हणजे शेवाळ-बार्नेकल धरू न देणाऱ्या, रंगांत क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचं संयुग असतं. कडक रंगातून तांबं हळूहळू पाझरतं आणि रिकामा थर तसाच राहतो. दरवर्षी त्यावर हात देत गेलं की थर जाड होऊन फुटतो. झिजणारा रंग पाण्याच्या घर्षणाने पातळ होत जातो आणि ताजा पृष्ठभाग उघडा पडतो. रोज समुद्रात जाणाऱ्या होडीला हाच योग्य. खाडीत महिनोन् महिने उभी राहणारी होडी मात्र तो पुरेसा झिजवत नाही. सिलिकॉनचे निसरडे रंग वेगाने पळणाऱ्या नावांसाठी आहेत, संथ मच्छीमार होडीवर त्यांचे पैसे वाया जातात. ॲल्युमिनियमच्या तळावर तांब्याचा रंग लावूच नका, धातू खाऊन जाईल. लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमरचा अखंड थर हवा. टीबीटी (ट्रायब्युटिल टिन, कथलाचं विषारी संयुग) असलेला जुना डबा कुणी स्वस्तात देऊ केला तर नाही म्हणा. २००८ पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, त्याने कालवांच्या पैदाशीचं नुकसान झालेलं आहे.

किती लागेल?

तळाचं क्षेत्रफळ म्हणजे पाण्याखालची लांबी गुणिले (रुंदी अधिक बुडीत खोली), सगळं मीटरमध्ये. ९ मीटर लांब, २.५ मीटर रुंद, ०.८ मीटर बुडणाऱ्या होडीचा तळ जवळजवळ ३० चौरस मीटर होतो. डब्याच्या माहितीपत्रकात घन भागाची, म्हणजे वाळल्यावर उरणाऱ्या भागाची, टक्केवारी असते. तिला १० ने गुणून कोरड्या थराच्या जाडीने, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग), भागा, म्हणजे एका लिटरमध्ये किती चौरस मीटर निघेल ते कळतं. ५० टक्के आणि ७५ मायक्रॉनला ६.७ येतात. एका हाताला साडेचार लिटर, दोन हातांना ९, आणि सांडलवंड धरून ११. थिनर घालून रंग पुरवू नका, थर पातळ होतो आणि हंगाम संपायच्या आत तळ उघडा पडतो.

दिवस निवडणं

पावसाळ्यातलं सगळं काम इथे अडतं. आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी आणि तळ दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दव साधारण २७ अंशांना धरतं. सकाळी तळ हवेपेक्षा गार असतो, तेव्हा डोळ्यांना न दिसणारा दमटपणा त्यावर असतोच. उघडीप मिळाली की दुपारी अकरा ते तीन या वेळात रंगवा. आदल्या रात्री तळावर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवा. सकाळी आत थेंब दिसले तर अजून थांबा.

लावणी

डबा आदल्या दिवशी उलटा ठेवा, तांबं तळाशी बसलेलं असतं. मग लाकडी पट्टीने बुडापासून ढवळा. दोन भागांचा इपॉक्सी मापानेच मिसळा. उन्हाळी हवेत तो लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडा कालवा.

इपॉक्सीवर अँटीफाउलिंग कधी चढवायचं हे अंगठा सांगतो. हलका दाब द्या. चिकट लागलं, ठसा उमटला, पण रंग बोटाला आला नाही, की लगेच पहिला हात मारा. ही वेळ चुकली तर इपॉक्सी पूर्ण वाळू द्या आणि घासून खडबडीत करा, नाहीतर वरचा थर सालीसारखा निघेल.

पहिला हात लाल आणि दुसरा निळा किंवा काळा द्या. झीज झाली की लाल डोकावतो आणि वेळेवर कळतं. पाण्याची रेघ, नाळ (होडीचं पुढचं टोक) आणि सुकाणूची कड इथे तिसरा हात हवा. टेकूखालच्या जागा विसरू नका: टेकू सरकवून तिथेही सगळे थर द्या. धातूचे भाग गंजू नयेत म्हणून तळाला लावलेले जस्ताचे तुकडे रंगवायचे नाहीत, रंगवले तर ते कामच करत नाहीत.

पाण्यात उतरवल्यावर

डब्यावर लिहिलेला वेळ झाल्याशिवाय होडी उतरवू नका, नारळी पौर्णिमा उद्यावर आली तरी. हंगामात चिकटा धरला तर मऊ स्पंजने पुसा. ताठ ब्रशने झिजणाऱ्या रंगाचा महिनोन्‌महिने पुरणारा थर एका दिवसात जातो. खरवडलेला कचरा ताडपत्रीवर गोळा करा, खाडीत लोटू नका, तिथल्याच तिसऱ्या (शिंपले) आणि कालवं आपण खातो. किनाऱ्याला घासून लाकूड उघडं पडलं तर पुढच्या ओहोटीला ती जागा सुकवून ठिगळ द्या. उरलेल्या रंगाच्या डब्यावर थर किती दिले, तारीख आणि बॅच क्रमांक लिहून ठेवा, पुढच्या जूनला फडक्याच्या परीक्षेआधी तेच वाचायला मिळेल.