गावात आकाशदर्शनाचा कार्यक्रम कसा घ्यावा

आकाशदर्शन दुर्बिणीमुळे क्वचित फसतं; ते फसतं उजेडामुळे आणि रांगेमुळे. विदर्भाच्या खेड्यांत अजून चांगला अंधार आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. पण शाळेसमोरच्या खांबावर एक एलईडी दिवा जळत असला, की त्या अंधाराचा उपयोग शून्य.

तारीख

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. मे महिन्यात धूळ असते आणि पुरता अंधार पडायलाच आठ वाजून जातात. दिनदर्शिका उघडून शुद्ध चतुर्थी किंवा पंचमी निवडा. त्या दिवशीचा चंद्र संध्याकाळी पश्चिमेला असतो आणि नऊ-साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे आधी चंद्र आणि नंतर काळंभोर आकाश, दोन्ही मिळतं. ‘कोजागिरीलाच ठेवू ना’ हा आग्रह हमखास होतो. दूध जरूर आटवा, दुर्बीण नको. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, विवरांच्या सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट ताटलीसारखा दिसतो. तारे तर त्याच्या उजेडात बुडतातच.

जागा आणि दिवे

जिल्हा परिषद शाळेचं मैदान सोयीचं. पूर्व आणि दक्षिण मोकळी हवी, मोठी झाडं उत्तरेला असली तर चालतील. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून साधारण २१ अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका वर. तेवढा दिसला की पुरे.

आठवडाभर आधी सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटून मैदानाभोवतीचे दिवे सात ते दहा बंद ठेवायचं ठरवा. खांबावर स्वतः चढू नका, ते काम लाइनमनचं. जंगलालगतच्या गावात, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीकडे, वनरक्षकाला विचारूनच रात्रीचा कार्यक्रम ठरवा. गवत आदल्या दिवशी कापून घ्या आणि सतरंजी अंथरण्यापूर्वी बॅटरीने जागा नीट पाहा; साप-विंचू थंडीतही निघतात.

बॅटऱ्यांच्या काचेवर लाल जिलेटिनचे दोन-तीन पदर रबराने बांधा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलची एक पांढरी चमक ती सगळी वाया घालवते. शेकोटी पेटणारच, थंडी असते. ती शाळेच्या इमारतीमागे पेटवा. उजेड तर त्रास देतोच, शिवाय गरम हवेतून पाहिलेला तारा थरथरतो.

आधी बोलणं, मग बघणं

डिसेंबरात सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो आणि सातच्या आसपास पुरता अंधार होतो. बोलणं या मधल्या वेळात, जास्तीत जास्त वीस मिनिटं. प्रोजेक्टर लावायचा तर तेव्हाच, नंतर अजिबात नाही.

विषय शेतकऱ्याच्या ओळखीचा घ्या. मृग लागतो जूनमध्ये, मग मृगाचे तारे हिवाळ्यात कसे दिसतात? हा प्रश्न सोडवला की अर्धं व्याख्यान झालं: जूनमध्ये सूर्य मृगाच्या दिशेला असतो, त्यामुळे ते तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि मावळतात. सहा महिन्यांनी पृथ्वी कक्षेच्या दुसऱ्या बाजूला येते आणि मृग रात्रभर दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून धातूचं मोठं कडं पडलं होतं, त्याबद्दलही कुणीतरी विचारेल. रॉकेटचे अवशेष आणि उल्का यांतला फरक सांगायला तयार राहा. राशिभविष्य विचारणाऱ्याला त्याची रास आकाशात दाखवा, पुढे जाऊ नका.

दुर्बीण आणि रांग

सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या पायावर बसवलेली आरशाची दुर्बीण, पुरेशी आहे. ती सूर्यास्तानंतरच बाहेर काढा, उजेडात काढावीच लागली तर झाकण घालून. दुर्बिणीतून सूर्याकडे चुकून पाहिलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि मुलं नळी कुठेही वळवतात. आरसा थंड व्हायला अर्धा-पाऊण तास द्या. तोवर प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलेल.

आता हिशेब. माणशी पाऊण मिनिट धरलं तर १२० लोकांना एकच वस्तू दाखवायला दीड तास लागतो. म्हणून चाळीस-चाळीसचे तीन गट करा: एक दुर्बिणीपाशी, एक सतरंजीवर नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं पाहायला, एक तिकाटण्यावर बसवलेल्या १०×५० (दहा पट, ५० मिमी भिंगांच्या) द्विनेत्रीवर कृत्तिका पाहायला. दर अर्ध्या तासाने जागा बदला.

१२०० मिमी नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमेपर्यंतच्या) दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावला की ४८ पट वर्धन मिळतं आणि साधारण एक अंश आकाश दिसतं. पृथ्वी फिरत असल्यामुळे वस्तू ते चारेक मिनिटांत ओलांडते. ती ज्या कडेने आत येते त्या कडेला ठेवा, मध्यभागी नको. म्हणजे पाच माणसं निभावतात. १० मिमी लावला तर दोनच. तो फक्त गुरू-शनीसाठी काढा.

मुलांसाठी पक्कं स्टूल ठेवा. सगळ्यांना हात पाठीमागे बांधून पाहायला सांगा, कारण आधारासाठी नळी धरली की वस्तू गेली. ‘दिसलं का?’ असं विचारू नका. माणसं भिडेखातर हो म्हणतात. ‘गुरूशेजारी ठिपके (म्हणजे त्याचे चंद्र) किती? कोणत्या बाजूला?’ असं विचारा, म्हणजे खरं कळतं.

क्रम: पहिल्या फेरीत चंद्र, त्यातही उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं. चंद्र खाली गेला की मृगाच्या तलवारीतला, म्हणजे तीन ताऱ्यांच्या खालचा, तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग). तो रंगीत दिसणार नाही, राखाडी धुरासारखाच दिसेल, हे आधीच सांगा. फोटो पाहून आलेले हिरमुसतात. सतरंजीवरच्या गटाला मृगाच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवून व्याध आणि वर वाढवून रोहिणी काढायला लावा. हिरवा लेझर एकाच्याच हातात असावा आणि विमान दिसताच बंद.

नऊनंतर दव पडतं आणि आयपीस धुरकटतो. रुमालाने किंवा ओढणीने पुसू नका, काचेच्या लेपावर ओरखडे पडतात. दोन आयपीस असतील तर एक खिशात ऊबेला ठेवून आलटून पालटून लावा. घरी आल्यावर सगळं उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या आणि सकाळी डब्यात भरा. ओलं बंद केलं तर पावसाळ्यापर्यंत काचेवर बुरशी धरते.