तापल्यावर दम सोडणारा मोवर : पंपाला दोष देण्याआधी

जुना हायड्रोस्टॅटिक राइडिंग मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं आणि पंपाने दाबलेल्या ऑइलच्या जोरावर चाकं फिरवणारं गवत कापायचं यंत्र, थंड असताना झकास पळतो. अर्ध्या तासाने रेंगाळायला लागतो आणि चढावर चक्क उभा राहतो. हे लक्षण सांगितलं की जाणकार लगेच म्हणतात, "पंप गेला." यंत्राला हात न लावता निकाल देणाऱ्यांवर माझा आता काडीचा विश्वास नाही. पंप झिजतो हे खरं. तापून पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या फटींतून निसटतं आणि दाब टिकत नाही. पण गुळगुळीत झालेला बेल्टसुद्धा तापल्यावर हुबेहूब हेच सोंग आणतो. मी इथेच चिक्कार झटलोय, म्हणून जरा जास्त सांगतो.

मोवर अडतो त्या क्षणी ट्रान्समिशनवरची (पंप असलेल्या डब्यावरची, इंजिनाच्या बेल्टने फिरणारी) पुली फिरतेय का, एवढंच आधी बघा. इंजिन बंद असताना पुलीवर खडूची रेघ मारून ठेवा. मग पाती बंद ठेवून दुसऱ्याला चालवायला बसवा आणि तुम्ही बाजूला, अंतर राखून टॉर्च मारा. चढाच्या खालच्या अंगाला अजिबात उभं राहू नका. पुली पूर्ण वेगात असेल तर रेघ दिसतच नाही. मोवर अडताना ती डोळ्यांना दिसायला लागली, की बेल्ट घसरतोय. नुसता बेल्ट बदलून भागेलच असं नाही; ताण देणारी स्प्रिंग ढिली पडलेली असते, नाहीतर आयडलरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचा) दांडा गंजून अडकलेला असतो.

पुली जोरात फिरतेय आणि चाकं मात्र ढिम्म? तरी घाबरू नका, पंप अजून निर्दोष सुटू शकतो. इंजिन बंद करून, सपाट जागी, ब्रेक सोडून आणि बायपास (मोवर हाताने ढकलता यावा म्हणून ऑइलला वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह) बंद करून मोवर ढकला. सहज पुढे गेला तर बायपास पूर्ण मिटत नाहीये. त्याचा दांडा वाकलेला असू शकतो. एक्सल फिरतोय आणि चाक नाही, तर चाकातली की (चाक एक्सलला जखडणारा छोटा तुकडा) तुटली. पेडल पूर्ण दाबल्यावर लिंकेज (पेडल ट्रान्समिशनला जोडणारे दांडे) शेवटपर्यंत जातं का तेही बघा. ट्रान्समिशन थंड ठेवणाऱ्या पंख्याची पाती मोडली असतील किंवा फिनमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांमध्ये) गवत ठासून बसलं असेल, तर यंत्र तापणारच.

ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी किंवा हवा शिरलीय. जाड ऑइल ओतून वेळ मारून नेण्याचा सल्ला मिळेल. मला तो मुळीच पटत नाही. बऱ्याच युनिट्सना २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालतं, सगळ्यांना नाही, म्हणून मॅन्युअल उघडा. ड्रेन प्लग नसेल तर ट्रान्समिशन उतरवून उलटं करावं लागतं. काम किचकट आहे, पण जमतं.

ऑइल बदलल्यावर मागची चाकं उचलून स्टँडवर घ्या. बायपास उघडा ठेवून पेडल हळूहळू पाच-सहा वेळा पुढे-मागे करा, मग बायपास बंद करून पुन्हा तेच. हवा निघेपर्यंत ट्रान्समिशन कण्हत राहतं. तो आवाज ऐकून लगेच नवीन पंप शोधायला निघू नका. पातळी उतरली असेल तर ऑइल भरा आणि परत एक फेरी करा.